निरंक

गट नंबर दोनशे सत्तेचाळीस.
ओढ्याच्या काठानं वीस फूट रुंद, चारशे चाळीस फूट लांब,
म्हणजे आठ गुंठे आणि वर पावलाएवढं काही.
इथं तीन हंगामांत नांगर शिरला नाही
एवढंच तपासायला मी येते.
स्कूटी पुलापाशी, चपला हातात, टेप कमरेला.

मारवेल माझ्या गुडघ्यापर्यंत आलंय.
कुसळं सलवारीला शिवल्यासारखी चिकटतात.

मोबाईल म्हणतो, पीक निवडा.
सोयाबीन. तूर. उडीद. मूग. ज्वारी. करडई.
बोटानं यादी खाली खाली ढकलत राहते मी,
'काहीच नाही' कुठंच येत नाही.
जुन्या तलाठ्यांकडं एक शब्द असायचा त्यासाठी,
लाल शाईनं लिहायचे, रकाना भरून तिरका: निरंक.
तो या मोबाईलला कुणी शिकवलेला नाही.
मी 'इतर' दाबते.

आता फोटो. फोटोत लाभार्थी दिसला पाहिजे.
उत्रेश्वर घोळवे वरचं बटण लावतात, टोपी नीट करतात,
"कशापाशी उभं राहू?"
गवतापाशी.
"गवत तर समदीकडंच हाय."
मग आहात तिथंच थांबा, म्हणते मी.
ते थांबतात. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नाही,
पंचेचाळीस वर्षं या जमिनीत हातात काहीतरी होतंच.

सोसायटीच्या ओट्यावर त्यांना रोज विचारतात,
"न पेरण्याचे पैसे? मंग आमचा बाजीराव
बारा वर्षांपास्नं काईच करीत न्हाई,
त्याचे किती निघतील?"
बाजीरावच सगळ्यात मोठ्यानं हसतो.

सातबाऱ्यावर दुसरं नाव सोजरचं. धारूरला दिलेली बहीण.
संमतीपत्रावर सही घ्यायला मीच गेले होते.
तिनं सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं.
पैशाचं काही विचारलं नाही. विचारलं ते असं,
"वड्याकाठच्या बोरी हायेत का गं अजून?"

बोरी सोयाबीनला भाव आला त्या साली गेल्या.
वीतभर जागासुद्धा तेव्हा पाण्याच्या कडेपर्यंत पेरली होती.
उत्रेश्वर म्हणाले, "हायेत म्हणून सांगा तिला."
मी सरकारी माणूस.
मी सांगितलं.

तिचा हिस्सा दोनदा परत आला.
आधारवर सोजर, पासबुकावर सोजरबाई.
बाई कुठली ते बँकेला ठरवता येईना.

आणि लिंबाजी. पुलाच्या कठड्याला टेकून,
मागं सतरा मेंढरं, तोंडं सगळी गवताकडं.
आजोबापासून इथं चारलं म्हणतो. आता चराईबंदी आहे,
पाटी मीच ठोकली, शेडा अजून ताजा असताना.
"मॅडम, मालकाला न पेरण्याचे,
मंग मला न चारण्याचे?"
सातबारा आहे का, विचारलं मी. सवयीनं.
"कुणाचा? मेंढरांचा?"

अर्जात तेवीस रकाने आहेत.
मी तेवीसही पुन्हा वाचले, खरंच वाचले,
त्याच्या समोर उभी राहून.

टेप गुंडाळताना पायाजवळून लावा उडाली,
आधी एक, मग सहा-सात, फर्र करून.
उत्रेश्वर दचकले, मग इकडंतिकडं बघत म्हणाले,
"हे लिवायचं का त्यात?"
नाही, म्हटलं, त्याला जागा नाही.
"बरं झालं," म्हणाले ते.

रेंज फक्त पुलावर येते.
तिथं फोटो वर चढतो, टक्का टक्का करत,
लिंबाजीच्या मेंढरांच्या मधोमध उभं राहून पाहते मी.
एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.
तेवढ्यात बोटांनी मोठा करून बघते:
उत्रेश्वरांच्या डाव्या पोटरीमागं
काहीतरी काटेरी आहे, हातभर, पानं गोल.
बाभूळ नाही. हिवरही नाही.
परत जाऊन बघावं, तर चपला आत्ताच घातल्यात,
आणि चारच्या आत अजून नऊ गट.